यक्षिणीच्या वळणावरची टक्कर

एका राज्यात तळ्याभोवती रथांची शर्यत होत असे, आणि त्या दिवशी चुलीसुद्धा पेटत नसत, कारण सारी प्रजा तळ्याकाठी असे. तळे डाव्या हाताला ठेवून तीन फेऱ्या मारायच्या. तळ्याच्या टोकाला एक अरुंद वळण होते. तिथल्या औदुंबरात एक यक्षिणी राहत असे, आणि तिच्यामुळे त्या राज्यात एक रीत पडली होती. मागच्या सारथ्याला पुढे जायचे असेल तर त्याने मोठ्याने हाक द्यावी, "यक्षिणीची वाट!" पुढच्याला वाट द्यायची नसेल तर त्याने गप्प बसावे, त्यात काही पाप नाही. पण एकदा त्याने "दिली!" म्हटले की बाजूला व्हावेच लागे.

त्या वर्षी शेवटच्या फेरीत सर्वांत पुढे होता युवराज मणिध्वज. त्याच्या मागोमाग होता हंबीर, राजाच्या अश्वशाळेच्या प्रमुखाचा मुलगा. दोघे एकाच घोडीवर बसायला शिकले होते आणि एकाच घोडीवरून पडले होते. वळण आले तशी हंबीरने हाक दिली, "यक्षिणीची वाट!"

"दिली!" युवराज म्हणाला आणि उजवीकडे सरकला. हंबीरने घोडे डावीकडून आत घातले. इतक्यात युवराजाला समोर बापाचे पांढरे छत्र दिसले. मनात काय आले ते त्याचे त्यालाच ठाऊक. त्याने डावा लगाम खेचला.

चाकाला चाक भिडले. हंबीरचा रथ औदुंबराच्या मुळांवर चढून उलटला आणि त्याचा पाय आसाखाली सापडला. युवराजाचा रथ डगमगला, सावरला आणि पहिला आला.

तेव्हा औदुंबरातून यक्षिणी उतरली. ती म्हणाली, "माझ्या नावाने दिलेली वाट मोडली. ज्याची चूक, त्याने इथे उभे राहून स्वतःच्या तोंडाने ती सांगावी. तोवर या राज्यात एकही चाक फिरणार नाही." एवढे बोलून ती झाडात शिरली.

आणि चाके थांबली. रथ थांबले, बैलगाड्या थांबल्या. कुंभाराचे चाक थांबले, विहिरीवरचे रहाट थांबले, जात्याची वरची तळी खालच्या तळीला चिकटून बसली. चौथ्या दिवशी लोक भिजवलेले धान्य चावू लागले आणि तळ्याचे पाणी पिण्याजोगे नव्हते म्हणून दूरच्या झऱ्यावरून डोक्यावर पाणी वाहू लागले.

पण वाद घालायला चाक लागत नाही! दरबारात प्रधानजींनी फरशीवर तांदळाने वळण काढले आणि दोन सुपाऱ्यांचे दोन रथ केले. सेनापती म्हणाले, हंबीरचा घोडा युवराजांच्या चाकापर्यंत आला होता, तेव्हा वाट त्याचीच. राजपुरोहित म्हणाले, छे, नुसता त्याचा कान आला होता, आणि कान म्हणजे घोडा नव्हे. ज्यांनी जन्मात लगाम धरला नव्हता तेही सुपाऱ्या सरकवत होते. अखेर राजा रत्नशेखराने मुलाला विचारले, "युवराज, हंबीरने वाट मागितली होती काय?"

"ढोल वाजत होते, महाराज," मणिध्वज म्हणाला. "मला काही ऐकू आले नाही."

मग डोलीत निजलेल्या हंबीरला विचारले. तो युवराजाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "युवराज सांगतील ते खरे."

हे ऐकून मणिध्वजाचे कान तापले. जमीन दुभंगावी असे त्याला वाटले. पण जमीन दुभंगली नाही, आणि खरे सांगायला तोंडही उघडले नाही. तो म्हणाला, "मी साक्षीदार शोधून आणतो." लोक म्हणाले, काय हा सत्याचा ध्यास! आता तुम्हाआम्हाला ठाऊक आहे की तो सत्याच्या शोधात निघाला नव्हता. सत्य त्याच्या घशातच अडकले होते. दुसरे काही सांगणारा कोणी भेटतो का, एवढेच त्याला पाहायचे होते.

पहिली साक्षीदार औदुंबरावरची साळुंकी. शाप ऐकून ती काटेरी रानापलीकडे उडून गेली होती. युवराज तीन दिवस काटे तुडवत तिच्यापाशी पोहोचला.

"साळुंके, तू वरून पाहिलेस. हंबीरने घोडे फार घाईने आत घातले ना?"

"वाट मिळाल्यावर घालणारच," साळुंकी म्हणाली.

"ढोल वाजत होते."

"ढोल पलीकडच्या काठाला होते. मी झाडाच्या शेंड्यावर होते, तरी 'दिली' मला ऐकू आले."

पाखराच्या जातीला काय कळते, असे म्हणून युवराज पुढे निघाला. दुसरा साक्षीदार तळ्याच्या तळाशी राहणारा म्हातारा कासव. त्याने शंभर शर्यती पाहिल्या होत्या. युवराजाने श्वास रोखून बुडी मारली.

"कासवदादा, तुम्ही जाणते. अशा टकरीत दोष दोघांचा धरतात ना? निम्मा निम्मा?"

कासवाने मान बाहेर काढून त्याला निरखले. "माझ्या देखत अकरा टकरी झाल्या," तो म्हणाला. "दरवेळी एक जण बुडी मारून निम्म्याचे विचारायला येतो. दुसरा कधी आला नाही."

युवराज तळ्याच्या पाण्याने भिजला होता, तरी त्याला घाम फुटला. आता एकच साक्षीदार उरली होती. त्याच्या रथाची डावी घोडी, शेवंती. टक्कर झाली त्या दिवसापासून ती लोखंडी टेकडीवर जाऊन उभी होती. त्या राज्यात घोडेही बोलत. युवराज टेकडी चढून गेला आणि म्हणाला, "शेवंती, तू तरी माझी आहेस."

शेवंती काही बोलली नाही. तिने फक्त तोंड वळवले. डाव्या बाजूला लगामाच्या कडीने तिचा ओठ कानाच्या दिशेने फाटला होता. जखमेवर खपली धरली होती.

इतक्या जोराने खेचला होता त्याने. तिच्या ओठाकडे बघत तो खाली बसला आणि हमसून हमसून रडला. स्वतःची इतकी लाज त्याला कधी वाटली नव्हती. उठला तो थेट यक्षिणीच्या वळणाकडे धावत निघाला.

तिथे सारी प्रजा जमली होती. युवराज गेल्यावर दरबाराने आपल्यापुरता निकाल लावला होता, की चूक हंबीरची. त्याची डोली दोनदा वळणावर आणली होती. दोनदा त्याने "चूक माझी" म्हटले होते आणि दोनदा चाक जागचे हलले नव्हते. पुरोहित म्हणाले, मनापासून म्हणत नाही. म्हणून आज तिसऱ्यांदा आणला होता. पाय सुजून लाकडासारखा झाला होता. हंबीर कोपरावर उठला आणि होता नव्हता तेवढा आवाज लावून ओरडला, "चूक माझी!"

झाडाखाली मोडक्या रथाचे चाक तसेच पडून राहिले.

"चूक माझी," मणिध्वज म्हणाला.

लोक वळले. त्याच्या अंगावर काटे होते, कपड्यांना शेवाळ होते. "त्याने वाट मागितली. मी 'दिली' म्हटले. महाराजांचे छत्र दिसले आणि मला हरायचे नव्हते, म्हणून लगाम खेचला. ढोलांचे मी खोटे बोललो."

मोडक्या रथाचे चाक करकरले आणि फिरले. दूर रहाटातून पाणी पडल्याचा आवाज आला.

युवराजाला वाटले, आता दगड पडतील. तो मान खाली घालून थांबला. पण लोक तहानलेले होते हो! कोणी विहिरीकडे पळाले, कोणी जात्याकडे, कुंभार चिखलाकडे. प्रधानजींनी खिशातल्या सुपाऱ्या हळूच गवतात टाकल्या. घटकाभरात वळणावर तिघेच उरले: हंबीर, युवराज आणि छत्र बाजूला ठेवून उभा राहिलेला राजा.

युवराज झाडाकडे वळला. "यक्षिणी, शाप उतरला. आता याचा पाय बरा कर."

"पायावर माझा शाप नव्हता," झाडातून आवाज आला. "तो तू मोडलास."

युवराज डोलीशी आला आणि म्हणाला, "हंबीर, तू खोटे का बोललास?"

"महाराजांची आज्ञा होती. तहानेने लोक मरायला टेकले होते." हंबीर कोपरावर टेकून उठला. "पण युवराज, दरवेळी मला धाक वाटे, की यक्षिणीने हे मानले तर? चाके फिरली असती. आणि तुम्ही जन्मभर असेच राहिला असता."

डोलीचे भोई पाणी प्यायला गेले होते. मणिध्वजाने वाकून पुढचा दांडा खांद्यावर घेतला. मागचा दांडा कोण धरणार म्हणून त्याने वळून पाहिले, तर राजा रत्नशेखर आधीच तिथे वाकला होता. बापाने मुलाच्या डोळ्याला डोळा दिला नाही, मुलानेही दिला नाही. वाट लांब होती. जोराने चालले की हंबीर कण्हत असे, म्हणून दोघे हळू चालले.