खात्रीची घरे

एकदा एक हुशार तरुणी मतदानाला तीन आठवडे असतानाच निवडणूक जिंकून बसली होती. तिचे नाव इरावती साळवी. आईवडील रत्नागिरीकडचे, ती मात्र अमेरिकेतच जन्मलेली आणि संख्याशास्त्र शिकलेली. त्या देशातल्या दोन मोठ्या पक्षांना लोक रंगावरून ओळखतात, एक निळा आणि एक लाल. निळ्या पक्षाने इरावतीला पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या एका जुन्या खाणगावात पाठवले होते. तिथे पक्षाचे काम पाहत असत स्टॅनली व्रोबेल नावाचे वृद्ध गृहस्थ. आयुष्यभर शाळेत नागरिकशास्त्र शिकवलेले, म्हणून आपण त्यांना गुरुजीच म्हणू.

गावातल्या कोळशाच्या खाणी केव्हाच बंद पडल्या होत्या. खाणकामगारांची मुले दूर निघून गेली होती आणि त्यांच्या रिकाम्या घरांत डॉमिनिकन रिपब्लिकहून आलेली कुटुंबे राहू लागली होती. गावाबाहेरच्या प्रचंड गोदामांत त्यांना काम मिळाले होते. इरावतीने मतदारयादीतल्या प्रत्येक घरापुढे वय, मूळ देश, भाषा आणि शिक्षण लिहून त्यावरून रंग ठरवला. नवी कुटुंबे निळी, जुने म्हातारे लाल. म्हातारे दरवर्षी कमी होत होते आणि नव्यांची मुले अठरा वर्षांची होत होती. त्यामुळे राज्याच्या विधानसभेची तिथली जागा या वेळी पाच हजार मतांनी आपली, आणि पुढे ती कधी जाणारही नाही, असा तिचा निष्कर्ष होता. खात्रीच्या घरांना मतदानादिवशी फक्त निरोप धाडावा, अशक्य घरांकडे फिरकूच नये, असे तिने सुचवले.

गुरुजींनी यादी शांतपणे वाचली. मग खणातून कात्री काढली आणि वय, देश, भाषा, शिक्षण, रंग असे सगळे रकाने कापून टाकले. उरले ते नुसते घरक्रमांक. ती पट्टी त्यांनी इरावतीच्या हातात ठेवली आणि यातल्या कोणत्याही तीन घरी जाऊन ये, एवढेच सांगितले. मत मागायचे नाही, माहितीपत्रक द्यायचे नाही. इरावतीला वाटले, वयोमानाने यांना आता आकडे झेपत नाहीत. पण मोठ्या माणसाला नाही कसे म्हणायचे, म्हणून ती निघाली.

पहिल्या घरात आल्ताग्रासिया नावाची बाई केशकर्तनालय चालवत होती. इरावतीच्या हिशेबात हे घर सर्वांत पक्के निळे. बाईंनी तिला बसायला खुर्ची दिली आणि सांगितले की यंदा त्या लाल पक्षाला मत देणार आहेत. गोदामांचे ट्रक त्यांच्या कोपऱ्यावरून सुसाट जात. गेल्या वर्षी त्यांच्या मुलाचा पाय तिथेच मोडला. सिग्नल बसवावा म्हणून त्या निळ्या पक्षाच्या कार्यालयात तीनदा गेल्या, उत्तर आले नाही. लाल पक्षाचा उमेदवार मात्र स्वतः येऊन सकाळभर त्या कोपऱ्यावर उभा राहिला. सिग्नल अजून बसलेला नाही, हेही बाईंनी प्रामाणिकपणे सांगितले.

दुसऱ्या घरात युजीन नावाचे ऐंशी वर्षांचे निवृत्त खाणकामगार होते. छातीत कोळशाची धूळ बसलेली, दोन वाक्यांमध्ये थांबून श्वास घ्यावा लागे. हे घर अशक्य. आजोबा म्हणाले, आपण आजवर लाल पक्षालाच मत दिले, पण यंदा निळ्याला देणार. निळ्या पक्षाची उमेदवार परिचारिका होती आणि तिने त्यांच्या आजाराच्या भरपाईचे किचकट अर्ज चार रविवार बसून भरले होते. पण बाकी तुमच्या पक्षाचे मला काही पटत नाही, असेही त्यांनी बजावले.

तिसऱ्या घरातल्या माणसाने सांगितले की त्याला दोन्ही उमेदवार आवडतात आणि दोन्ही पक्ष आवडत नाहीत.

दुपारी ती परतली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. ही तीन घरे अपवाद असतील, असे ती म्हणाली खरी, पण तिच्या आवाजात जोर नव्हता. गुरुजींनी विचारले, "तुझ्या यादीच्या पद्धतीने तुझ्या आईवडिलांचं घर कोणत्या रंगाचं?"

"निळं. शंभर टक्के."

"विचारलंयस कधी?"

इरावतीने तिथूनच घरी फोन लावला. वडील हसले. "अगं, मी तर गेल्या वेळीही लाल पक्षालाच मत दिलं होतं. तू विचारलं नाहीस, मी सांगितलं नाही." मग आईने फोन घेतला आणि म्हणाली, "मी कुणाला देते ते मी तुझ्या बाबांनासुद्धा सांगत नाही. तू जेवलीस का?"

इरावतीने फोन ठेवला. जिथे ती लहानाची मोठी झाली, ते घरही तिला ओळखता आले नव्हते.

तेव्हा गुरुजी म्हणाले, "माझे वडील पोलंडहून इथल्या खाणीत आले. तेव्हाही कुणीतरी असाच हिशेब मांडला होता, की ही माणसं वाढतायत, यांची मतं कायमची आपली. चाळीस वर्षं तो हिशेब खरा ठरला, आणि घात त्यानेच केला. आमच्या गल्लीत पक्षाचं कुणी यायचंच बंद झालं. दरम्यान आमची मुलं शिकली, कुणी घर घेतलं, कुणाचा धंदा बुडाला, एकाच घरात चार मतं झाली. कागदावर आम्ही पोलिशच राहिलो. वस्ती बदलते, हे तुझं बरोबर आहे. पण वस्तीला आलेला माणूसही बदलतो, आणि त्याच्याकडे पाहून दोन्ही पक्ष बदलतात. तीन गोष्टी हलत होत्या, तू एकच मोजलीस."

"मग आकडे टाकून देऊ?"

"मुळीच नको. कुठे जायचं ते आकडे सांगतात. तिथे गेल्यावर काय ऐकू येईल, ते त्यांना कसं ठाऊक असणार?"

"पण सर, मग जिंकणार कोण?"

"मला माहीत नाही," गुरुजी म्हणाले. "आजवर तीनदा मला नक्की माहीत होतं. तिन्ही वेळा आम्ही हरलो."

उरलेल्या दिवसांत दोघे जमेल तितकी घरे फिरले. पण घरे फार होती आणि दिवस थोडे. पाच हजारांनी यायची ती जागा एकशे बारा मतांनी गेली. नव्या वस्तीतली मते अपेक्षेपेक्षा पुष्कळ कमी पडली आणि जुन्या वस्तीत, जिथे कुणी आशाच धरली नव्हती, तिथे बरीच वाढली. पक्षाच्या मुख्य कार्यालयाने इरावतीला बोलावून विचारले की हे लोक आता नेमके कुणाचे समजायचे. तिच्याकडे दोन तक्ते तयार होते, आणि त्यांतून दोन उलट उत्तरे निघत होती. तिने ते पुढे केले नाहीत. मला अजून समजलेले नाही, असे सांगून तिने त्या गावात आणखी काही महिने राहण्याची परवानगी मागितली. ती मिळाली, बहुधा तिच्या जागी जायला दुसरे कुणी तयार नव्हते म्हणून.

डिसेंबरमधल्या एका सकाळी तिने एका अनोळखी घराचे दार वाजवले. गोदामातली रात्रपाळी करून आलेला माणूस डोळे चोळत बाहेर आला. निवडणूक तर झाली ना, त्याने विचारले. झाली, ती म्हणाली. मग काय विकायला आलीस? काही नाही, ती म्हणाली, तुमचं इथे कसं चाललंय ते विचारायला आले.

मग त्याने दार पूर्ण उघडले आणि स्वयंपाकघरातली खुर्ची पुढे ओढली. इरावती बसली. तो काय सांगणार आहे, याचा तिला काहीच अंदाज नव्हता, आणि तिने तो बांधलाही नाही.