सगळ्या राण्यांचे एकच नाव

एका राज्यात मोठी विचित्र रीत होती. राजाचे लग्न लागले, की चांदीच्या ताटात तांदूळ पसरत, आणि राजा सोन्याच्या अंगठीने त्यांत नववधूचे नवे नाव लिही. ते नाव ठरलेलेच असे. राजलक्ष्मी. पणजी राजलक्ष्मी, आजी राजलक्ष्मी, आणि राजकन्या मृगावतीची आईही राजलक्ष्मीच. तिचे माहेरचे नाव कोणी विचारले नाही. राजा मनाचा वाईट नव्हता हो, त्याला सुचलेच नाही, इतकेच.

राणी हळू बोले, हळू चाले, सर्वांच्या मागून जेवे. लोक म्हणत, "राणी असावी तर अशी!" जसजशी वाहवा होई, तसतसे तिचे अंग गार पडत जाई. एके सकाळी मृगावती आईच्या केसांत फुले माळायला गेली, तर आई दगडाची झालेली! प्रजेला नवल वाटले नाही. या घराण्याच्या साऱ्या राण्या शेवटी पाषाणाच्याच होत. त्यांचे एक दालनच होते. सुवासिनी तिथे हळदकुंकू वाहत आणि म्हणत, "आम्हालाही असेच सोशिक कर, माते." आपल्याकडे असले काही नसते म्हणता? बरे, नसेल.

तिलाही त्या दालनात नेऊन उभे केले, तेव्हा राजाने मात्र हंबरडा फोडला. "राजलक्ष्मी!" त्याची हाक साऱ्या पुतळ्यांवरून फिरली आणि तशीच परत आली. एकीनेही ओ दिली नाही.

गवाक्षात एक साळुंकी बसली होती. ती म्हणाली, "राजकन्ये, हे नाव तिचे नव्हेच. तिचे नाव काळ्या डोंगरावरच्या मांत्रिकाने मडक्यात कोंडले आहे. पौर्णिमेचा चंद्र पुरता वर येण्याआत तिला जागे कर. नाहीतर दगड तो दगडच राहील."

मृगावती साळुंकीला खांद्यावर घेऊन निघाली. मांत्रिकाच्या गुहेत मडक्यांच्या उतरंडी होत्या. प्रत्येक मडक्याचे तोंड बांधलेले, आणि आतून बारीक कुजबुज.

"नाव हवे? तीन कामे कर," मांत्रिक म्हणाला. "पहिले. ओल्या लाकडांवर भाकरी भाज. डोळ्यांत पाणी येता कामा नये."

धुराने गुहा भरली, पण मृगावतीने डोळे कोरडे ठेवले. भाकरी भाजून झाली तशी तिची पावले दगडाची झाली.

"दुसरे. पैंजण घालून चाल. आवाज होता कामा नये."

दगडी पावलांनी ती तसूतसूने चालली. पैंजण वाजले नाहीत, पण दगड गुडघ्यांवर चढला. मांत्रिक खूश झाला. "शाबास! राणी असावी तर अशी!"

ते शब्द ऐकून मृगावती शहारली.

"तिसरे काम तर सोपे. मी सांगेन ते ऐक. काही विचारू नकोस."

आता मृगावतीला उमगले. आईने ही कामे रोज केली होती, आपल्याच घरात. आणि आपण आईजवळ हजार गोष्टी मागितल्या, तिला मात्र कधी काही विचारले नाही. तिला रडू कोसळले.

"मी विचारणार," ती म्हणाली. "माझ्या आईचे नाव काय?"

त्यासरशी तिच्या अंगावरचा दगड गळून पडला, मांत्रिकाचा धूर झाला आणि एक मडके फुटले. आतून नाव आले, "नकोशी."

साळुंकीने मान खाली घातली. "मुलींच्या पाठीवर आणखी मुलगी झाली, म्हणून ठेवले."

मृगावती महालात पोचली तेव्हा चंद्राची कड डोंगराआडून दिसू लागली होती.

"नाव मिळाले? मग हाक मार!" राजा म्हणाला.

"मिळाले, तात. पण त्या नावाने मी आईला हाक मारणार नाही."

"मग ती कायमची जाईल, मुली!"

मृगावतीने आईच्या गार गळ्याला मिठी घातली. "आई, तुला कोणत्या नावाने हाक मारू?"

चंद्र आणखी वर आला. मग मृगावतीच्या गालाला ऊब लागली. दगडाचे ओठ हलले.

"सांगते, बाळे. पण आधी खायला दे. फार भूक लागली आहे."

मृगावतीने गुहेत भाजलेली भाकरी पदरात बांधून आणली होती, ती काढली. राणी सर्वांच्या आधी जेवली, आणि राजा पाण्याचा तांब्या घेऊन शेजारी उभा राहिला. मग ती म्हणाली, "भातुकली खेळताना मी माझे नाव मीच ठेवले होते. बकुळा."

"बकुळा," राजाने अडखळत हाक मारली.

"ओ," राणी म्हणाली, आणि राजाला रडू आवरेना.

मृगावतीने बाकीच्या राण्यांनाही एकेक करून तेच विचारले. त्यांच्या पौर्णिमा केव्हाच सरल्या होत्या, पण असे विचारणारे कोणी पहिल्यांदाच आले होते. काहींना आठवायला वेळ लागला. सारे थांबले. एकेक करून सगळ्या जाग्या झाल्या.

पुढे मृगावतीचे लग्न लागले. रीतीप्रमाणे तांदळाचे ताट आले. नवरदेवाने अंगठी तिच्याच हाती दिली आणि विचारले, "काय लिहायचे?"

"मृगावतीच राहू दे, ते लिहायला कशाला हवे?" ती हसली. "या तांदळांचा भात टाका. आणि पहिले पान आईचे वाढा."