हिरोजीची हजेरी

शाळेला छप्पर लागतं हे अजून कुणाला सुचलं नव्हतं, तेव्हाची गोष्ट. ओढ्याकाठच्या वडाखाली कासवबाईंची शाळा भरायची. पोरं इनमीन सात. त्यांतला हिरोजी पोपट नकला करण्यात पटाईत. बाईंना लांबचं दिसत नसे, त्यामुळे हजेरीला तो सगळ्यांच्या आवाजात "हजर, बाई!" म्हणायचा. ससा, खार, मुंगूस वगैरे मंडळी खुशाल बोरं खायला पळायची आणि येताना हिरोजीलाही आणायची.

एके दिवशी हजेरी संपली तशा बाई खूश होऊन म्हणाल्या, "वा! सगळे आलात. पलीकडच्या शाळेला आज कबड्डीला बोलावते. आपला संघ पुरा आहे!"

हिरोजीनं बोरींच्या दिशेनं पाहिलं; कुणाचाच पत्ता नव्हता. पण आता खरं सांगायचं कुठल्या तोंडानं?

थोड्याच वेळात सात रानडुकरं शड्डू ठोकत मैदानात उतरली.

"बाई, तुमचे बाकीचे गडी कुठायत?" त्यांच्या कप्तानानं विचारलं.

"आहेत की! मी आत्ताच हजेरी घेतलीय. हं, हिरोजी, घे चढाई!"

हिरोजीनं सशाच्या आवाजात कबड्डी म्हटलं, खारीच्या म्हटलं, मुंगसाच्याही म्हटलं. पण सातही रानडुकरं पडली ती त्या एकट्याच्याच अंगावर.

दुसऱ्या दिवशी बाईंनी पुकारलं, "ससा?" सगळं चिडीचूप. "खार?" चिडीचूप. "मुंगूस?" वडाचं पानही हललं नाही.

"हिरोजी?"

हिरोजीनं शेपटीची उरलेली दोन पिसं सावरली.

"एकटाच हजर, बाई!"