ढब्बीचा गोळा आणि अडून बसलेले खडक

एक होती शेणकिडी. नाव तिचं ढब्बी. तिने केला शेणाचा गोल गोल गोळा. गोळ्यात तिचं बाळ झोपलं. ढब्बी गोळा ढकलत निघाली. डोकं खाली, पाय वर. उलटी उलटी! गुडगुड गुडगुड.

उलटं चालल्यावर वाट दिसते का? नाही दिसत. गोळा पडला भेगेत. डुब्! घट्ट अडकला.

"भेगताई, भेगताई, तोंड उघड. बाळ माझं सुटेना."

"मी नाही उघडत. घसऱ्या खडक घसरला, तर उघडेन."

तुरुतुरु तुरुतुरु, ढब्बी गेली खाली.

"घसऱ्यादादा, घसऱ्यादादा, खाली घसर. भेग उघडेना, बाळ माझं सुटेना."

"मी नाही घसरत. चढ्या खडक चढला, तर घसरेन."

तुरुतुरु तुरुतुरु, आणखी खाली.

"चढ्यादादा, चढ्यादादा, वर चढ. घसऱ्या घसरेना, भेग उघडेना, बाळ माझं सुटेना."

"मी नाही चढत. सरक्या खडक सरकला, तर चढेन."

तुरुतुरु तुरुतुरु, आणखी खाली.

"सरक्यादादा, सरक्यादादा, बाजूला सरक. चढ्या चढेना, घसऱ्या घसरेना, भेग उघडेना, बाळ माझं सुटेना."

"मी नाही सरकत. ऊनऊन आजोबांनी ढकललं, तर सरकेन."

ऊनऊन आजोबा राहतात जमिनीच्या पोटात. आजोबा म्हणजे तिथला खूप गरम दगड, म्हणून हळूहळू हलतात. तुरुतुरु तुरुतुरु, ढब्बी पोचली तिथे.

"आजोबा, आजोबा, जरा ढकला. सरक्या सरकेना, चढ्या चढेना, घसऱ्या घसरेना, भेग उघडेना, बाळ माझं सुटेना."

"अगं वेडाबाई, मी तर रोजच ढकलतो. नखं वाढतात ना, तितकंच हळू. पण हे खडक हट्टी. अडून बसतात."

ढब्बी रडवेली झाली. "मग मी काय करू?"

"थांब."

थांबणं फार अवघड. बाळाची आठवण येते. तरी ढब्बी थांबली. आजोबा ढकलत राहिले. हळू... हळू... हळू...

खडाड्!

सरक्या सरकला बाजूला. चढ्या चढला वर. घसऱ्या घसरला खाली. भेग उघडली!

वर जमीन हलली. थरथर थरथर. गावात भांडी वाजली. खणखण खणखण.

"भूकंप गं बाई! चला, चला, अंगणात चला!" यमुनाकाकू ओरडल्या. सगळे अंगणात आले. मग जमीन शांत झाली.

ढब्बी धावली भेगेकडे. गोळा ढकलला वर. डोकं टेकवून ऐकू लागली. आत सगळं गप्प. ढब्बी घाबरली.

मग आतून बारीक आवाज आला.

"आई, झोका का थांबवलास?"