गढीच्या दारातली कुंभारीण

सांगलीत एक होते इकबालचाचा, नि त्यांच्या हाताखाली एक होता शार्दूल. चाचा गोष्टीचे खेळ चालवायचे. एकानं जग सांगायचं, टेबलाभोवतीच्यांनी त्या जगातली माणसं व्हायचं, आणि जमलं की फसलं ते फाशानं ठरवायचं. शार्दूलला वाटायचं, आपण चाचांच्याही पुढं गेलोय.

त्या वर्षी खेळांचं संमेलन एका मंगल कार्यालयात भरलं होतं. चाचा वधूपक्षाच्या खोलीत चहा पीत बसले होते. मी शार्दूलच्या टेबलावर खेळत होते. तो मला घेऊन तिथं आला.

"चाचा, या आजींना सांगा. ऐकतच नाहीत."

"काय झालं, आक्का?"

मी म्हटलं, "मी कुंभारीण झालेय. गावात पाणी नाही, पोरं तहानलेली. पाणी गढीत. राजा म्हणतो, दारात नाक घासा, मग उघडतो."

"मग?"

"नाही घासणार."

"गुडघे दुखतात का?"

"दुखतात. पण म्हणून नव्हे."

शार्दूल वैतागला. "गढीच्या आतलं सगळं मी रचलंय, चाचा. भुयार, हत्ती, आंधळा दिवाण. नाक घासल्याशिवाय दार उघडत नाही. दार उघडलं नाही तर पोरं मरतात, खेळ संपतो."

चाचांनी कप खाली ठेवला.

"संध्याकाळी खेळ चालवायला मोठ्या हॉलमधलं टेबल तू मागितलं होतंस."

"हो."

"दिलं. नाक घास नि घे."

शार्दूल हसला. चाचा हसले नाहीत. त्यांनी पायाजवळची फरशी दाखवली...

शार्दूलचे कान लाल झाले. त्या टेबलासाठी तो वर्षभर चाचांच्या मागं फिरला होता. गावाकडून आईवडलांनाही बोलावलं होतं त्यानं.

"नाही घासणार," तो म्हणाला.

"मग टेबल नाही."

"नसू दे. शिकवलंत, त्याचा मान आहे. पण नाक नाही घासणार. बाहेर पायरीवर बसून चालवीन."

"कोण येणार पायरीवर?"

"हाका मारीन. कुणीतरी येईल."

चाचा म्हणाले, "मग संपला का रे तुझा खेळ?"

शार्दूल माझ्याकडं बघत राहिला.

"आजी, चला," तो म्हणाला.

आम्ही दाराशी पोचलो तशी चाचांनी त्याला हाक मारली. "पायरीवर नको बसू. तिथं चपला असतात. पाचला हॉलमध्ये ये."

आम्ही आमच्या आधीच्या टेबलावर परत आलो. शार्दूलनं रचलेलं सगळं बाजूला सारलं आणि विचारलं, "कुंभारीण काय करते?"

"गढीच्या भिंतीला लागून खणते. मातीतला ओलावा तिच्या हाताला कळतो."

"फासा टाका."

पडला एक, वीस बाजूंच्या फाशातला सगळ्यात वाईट आकडा. कुदळ मोडली. वरून राजाची माणसं हसली.

"आता?"

"हातानं खणते."

पुन्हा टाकला. माझी नात केतकी खुर्चीवर उभी राहिली. वीस.

शार्दूलनं डोळे मिटून सांगितलं, "पाणी लागलं. आधी गढूळ, मग नितळ. पोरं ओंजळीनं प्यायली. गढीतली विहीर याच झऱ्यावर होती, ती रात्रीत आटली. कुंभारणीनं तिथंच चाक मांडलं, घर बांधलं. सकाळी गढीचं दार आतून उघडलं. राजा रिकामी घागर घेऊन स्वतः आला."

एवढं बोलून तो थांबला. चाचा केव्हापासून माझ्या खुर्चीमागं उभे होते.

"चाचा," शार्दूलनं हळूच विचारलं, "राजाला आता नाक घासायला लावू?"

"मला काय विचारतोस?" चाचा म्हणाले. "पाणी तिचं आहे."