ड्यूकच्या शौर्याची ओळ

इटलीतल्या एका मठात फ्रा उबाल्दो नावाचे वृद्ध संन्यासी आपल्या नगराचा इतिहास लिहीत. ड्यूक गिराल्दो लढाईतून पळून आला, हेही त्यांनी लिहिलं. ते कानावर जाताच ड्यूक नंगी तलवार घेऊन मठात शिरला.

"ते पान फाडा आणि माझं शौर्य लिहा, नाहीतर मुंडकं उडवीन!"

उबाल्दो शांतपणे म्हणाले, "महाराज, तुमचं लढाईतलं शौर्य कुणीच पाहिलेलं नाही. पण हे पान वाचूनही तुम्ही लिहिणाऱ्याला जिवंत सोडलंत, तर ते शौर्य मी स्वतः पाहिलेलं असेल. तेही याच पानावर लिहीन."

ड्यूक तलवार म्यान करत गुरकावला, "लिहा. पण ती ओळ जरा ठळक अक्षरांत!"