न चाखलेली लापशी

एकदा एक धान्याचे व्यापारी आपल्या न्याहारीवर रुसले. त्यांनी ताट भिरकावले नाही, की कोणाला वाकडा शब्द बोलले नाहीत. वाटी समोर आली की ते कुशीवर वळत, भिंतीकडे तोंड करत आणि एवढेच म्हणत, "ठेवा तिकडं."

शिवलिंगप्पा शेठ त्यांचे नाव. चाळीस वर्षे त्यांनी ज्वारी, तूर आणि करडईचा व्यापार केला होता. महिन्यापूर्वी त्यांच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली. ती उत्तम झाली, परंतु त्यानंतर त्यांचे खाणे सुटले. अंगातली शक्ती भरून यावी म्हणून मुलाने त्यांना डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका आरोग्यधामात आणून ठेवले. तेथेही वजन उतरतच राहिले. शहरातल्या डॉक्टरांनी निरोप पाठवला की येत्या रविवारपर्यंत खाणे सुरू झाले नाही, तर रुग्णाला परत दाखल करून नळीवाटे अन्न द्यावे लागेल.

त्या आरोग्यधामाचे प्रमुख ऐंशी वर्षांचे एक वैद्य होते. त्यांच्यापाशी इरावती नावाची एक तरुण वैद्य शिकत होती. रुग्णांच्या आहाराचे सारे काम तिच्याकडे होते आणि ते ती अत्यंत निष्ठेने करी. शेठजींना सकाळी ओट्सची लापशी द्यावी, असे तिने ठरवले होते. हृदयाला हितकर, पचायला हलकी, पोटाला आधार देणारी. ठरवण्यात काहीच चूक नव्हती.

सोमवारी शेठजींची वाटी जशीच्या तशी परत आली, तेव्हा इरावतीने नवी लापशी केली आणि ती घेऊन गुरूंकडे गेली.

"गुरुजी, जरा चाखून सांगाल का? काय कमी पडतंय ते कळत नाही."

वैद्यांनी वाटी हातात घेतली. तिच्याकडे पाहिले, इरावतीकडे पाहिले आणि चमचाही न बुडवता वाटी परत दिली. "अजून झालेली नाही," ते म्हणाले.

इरावतीला वाटले, रंगावरून ओळखले असावे. मंगळवारी तिने साय काढलेल्या दुधात लापशी शिजवली, खजूर घातला. वैद्यांनी वाटी घेतली आणि न चाखता परत केली. बुधवारी तिने सफरचंद किसून घातले, दालचिनीची पूड भुरभुरली. पुन्हा तेच. गुरुवारी भिजवलेले बदाम आणि वेलची. वाटी आधी शेठजींच्या खोलीतून परत आली, मग गुरूंच्या हातून.

गुरुवारी मात्र तिचा संयम सुटला. "गुरुजी, तुम्ही जिभेवर एक थेंबही न ठेवता कसं म्हणता की झालेली नाही?"

"तुला हे काम जड होत असेल, तर दुसऱ्या कोणाला सांगतो," वैद्य शांतपणे म्हणाले.

"नाही. मीच करीन."

"मग कर."

शुक्रवारी उजाडण्याआधीच ती स्वयंपाकघरात आली. वजनकाट्यावर ओट्स तोलले, पाणी मोजले, घड्याळ लावले. रविवार दोन दिवसांवर आला होता. आज काय घालायचे याचा विचार करत ती पातेल्याकडे पाहत उभी राहिली आणि काही सुचेना. खजूर झाला, फळ झाले, सुकामेवा झाला. शेवटी, दुसरे काही करण्याजोगे उरले नाही म्हणून, तिने पातेल्यातली चमचाभर लापशी तोंडात घातली.

ती तिला गिळवेना. बुळबुळीत घासाच्या मागून एक कडवट, जुनाट चव जिभेवर पसरत होती. तिने पाण्याने तोंड खळखळून धुतले, तरी ती चव गेली नाही. दोन वर्षे ती या स्वयंपाकघरात लापशी शिजवत होती आणि स्वतः घरून पोहे खाऊन येत होती. आरोग्यधामात आणखी अकरा रुग्ण होते. ते सगळे ही लापशी निमूटपणे खात होते. चांगली माणसे, तिचे मन मोडू नये म्हणून गप्प राहिलेली. तिचे कान तापले.

कडवटपणा कशाचा हे मात्र तिला समजेना. डबा उघडून तिने मूठभर कोरडे ओट्स हुंगले. काही कळले नाही. मग तिला आठवले की या घरात धान्य ओळखणारा एक माणूस आहे. मूठ तशीच मिटून ती शेठजींच्या खोलीत गेली.

ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. "ठेवा तिकडं," ते पाठमोरेच म्हणाले.

"काही आणलं नाही, शेठजी. विचारायला आले आहे. मला यातलं काही कळत नाही. जरा बघता का?"

मग ते कण्हत या कुशीवर वळले. तिच्या मुठीतले ओट्स त्यांनी आपल्या तळव्यावर घेतले, दुसऱ्या तळव्याने चोळले, नाकाशी नेले. महिनाभर विझल्यासारखे असलेले डोळे बारीक झाले.

"बाई, हे कुठं ठेवता तुम्ही?"

"शेगडीशेजारच्या मोठ्या डब्यात."

"तरीच. खवट झालंय. ह्याच्या अंगात तेल असतंय बघा. उबेला ठेवलं की बिघडलंच. वरनं दिसायला चांगलं दिसतंय, पण आतनं गेलंय." ते उठून बसले. "दुसरं आहे का?"

"कोठीत न उघडलेली पाकिटं आहेत."

"आणा. नको, थांबा. मीच येतो."

तिने हात पुढे केला, तो त्यांनी धरला. वाटेत दोनदा थांबत ते कोठीपर्यंत आले. तीन पाकिटे उघडून त्यांनी प्रत्येकातली चिमूट चोळून हुंगली, एक दाताखाली धरली आणि तिसरे पाकीट तिच्या हाती दिले. "हे घ्या."

इरावतीने विचारले, "शेठजी, घरी सकाळी तुम्ही काय खात होता?"

"आता पोरं काय काय आणतात. पण आमची आई ज्वारीच्या कण्या करायची. कण्या शिजवायच्या, निवल्या की त्यात ताक, वरनं लसणाची फोडणी. ते खाऊन आम्ही दुपारपर्यंत पोती उचलत होतो." त्यांनी तळव्यावरचे दाणे झटकले. "आता दुकानात गेलो तरी पोरगा म्हणतो, अण्णा, तुम्ही आराम करा. तो चांगलाच आहे हो. पण कुणी काही विचारत नाही."

त्या दिवशी इरावतीने कढई चढवली आणि घड्याळ उपडे घातले. ओट्स मंद आचेवर कोरडेच परतले. शेठजी दाराशी खुर्ची टाकून बसले होते. "अजून," ते म्हणाले. मग, "अजून थोडं." जेव्हा भाजल्या धान्याचा खमंग वास सुटला, तेव्हा त्यांनी मान हलवली. तिने उकळते पाणी ओतले, चिमूटभर मीठ टाकले, फार न ढवळता शिजू दिले. ती लगेच ताक घालणार, तोच त्यांनी अडवले. "निवू द्या. गरमात घातलं तर फुटेल." निवल्यावर तिने ताजे ताक मिसळले. चमचाभर तेलात जिरे, ठेचलेला लसूण आणि कढीपत्ता तडतडला, ती फोडणी वर ओतली. कोथिंबीर आली. जवसाची कोरडी चटणी शेठजींनी स्वतः मागितली.

मग तिने आधी स्वतः एक चमचा खाल्ला. पुन्हा एक खाल्ला.

वाटी घेऊन ती गुरूंकडे गेली. वैद्यांनी वाटीकडे पाहिले, तिच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि आजही चमचा उचलला नाही. "झाली," ते म्हणाले. "शेठजी वाट पाहत असतील."

शेठजींनी पहिला घास बराच वेळ तोंडात धरला. "मीठ कमी आहे," ते म्हणाले.

"मीठ वाढवता येणार नाही. लिंबू पिळू?"

"पिळा."

सावकाश, मध्ये मध्ये थांबत, त्यांनी अर्धी वाटी संपवली. महिन्याभरात ते स्वतःहून जेवले ते हे पहिलेच. शनिवारी त्यांनी पूर्ण वाटी खाल्ली. रविवारी मुलगा गाडी घेऊन आला, तेव्हा डॉक्टरांशी बोलणे झाले आणि गाडी रिकामी परत गेली.

त्या संध्याकाळी इरावती वैद्यांच्या पायरीवर येऊन बसली. "गुरुजी, ओट्स खवट झालेत हे तुम्हाला पहिल्याच दिवशी कळलं होतं?"

"मला धान्यातलं काय कळतं?" वैद्य म्हणाले. "मला एवढंच दिसत होतं की ज्या वाटीविषयी तू मला विचारतेस, तिची चव तुलाच ठाऊक नाही. मी चाखून सांगितलं असतं, तर तू माझ्या जिभेवर विसंबली असतीस. उद्या मी नसेन, तेव्हा कोणाकडे वाटी नेली असतीस?"

वैद्य पुढे म्हणाले,

"आणि आणखी एक. तीन दिवस तू त्या वाटीत नवं नवं काही घालत होतीस. ते सगळं त्यांच्या आजारासाठी होतं, आणि योग्यच होतं. परंतु आजार जेवत नाही, इरावती. माणूस जेवतो. ज्या माणसाकडून आता कोणाला काहीच नको आहे, त्याला भूक कशासाठी लागावी? शुक्रवारी तू त्यांच्याकडे रिकाम्या हाताने गेलीस, काही देण्यासाठी नव्हे, मागण्यासाठी. ते तेव्हाच उठून बसले. लापशी त्यानंतर झाली."

इरावती उठून स्वयंपाकघरात गेली, शेगडीशेजारचा डबा रिकामा करून घासला, उपडा ठेवला. ताजी पाकिटे थंड कोपऱ्यातल्या फळीवर लावली. त्यानंतर ती एकेका खोलीत गेली. अकरा जणांपुढे हात जोडून तिने सांगितले, "इतके दिवस मी तुम्हाला जे खाऊ घातलं, ते मी कधी चाखलं नव्हतं. माफ करा." आणि प्रत्येकाच्या खाटेशी बसून विचारले, "तुमच्याकडे सकाळी काय करतात?"

हे विचारून संपायला तिला तीन संध्याकाळी लागल्या, कारण सांगण्यासारखे प्रत्येकापाशी पुष्कळ होते.